नाव दिल्लीचे, प्रश्न सांगलीचा

पत्राचा सारांश: सांगलीतील एका २१ वर्षांच्या वाचक मुलीचे हे पत्र आहे. बारावी विज्ञान शाखेतून गणितात उत्तम गुण मिळूनही त्यांनी घरच्यांची नाराजी पत्करून कला शाखा घेतली आणि यंदा अर्थशास्त्रात बी.ए. पूर्ण केले. पदव्युत्तर शिक्षणासाठी दिल्ली विद्यापीठाचे दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था, अशा दोन्ही ठिकाणी त्यांना प्रवेश मिळतो आहे. वडिलांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. ते म्हणतात, "तुझं तू ठरव, पण पुणं हाकेच्या अंतरावर आहे." दिल्लीचा विषय निघाला की आईची झोप उडते. मुंबईला बँकेत असलेले मामा मात्र "दिल्ली सोडलीस तर जन्मभर पस्तावशील" असे बजावतात. भारतीय आर्थिक सेवा किंवा रिझर्व्ह बँक हे ध्येय असून जमल्यास पुढे संशोधनही करावे असे त्यांच्या मनात आहे. तीन वर्षांत गणिताला हात लागलेला नाही आणि इंग्रजी बोलताना अडखळायला होते, ही त्यांची धास्ती आहे. "दोन्हींपैकी खरोखर मोठी संस्था कोणती आणि पश्चात्ताप होणार नाही असा निर्णय कसा घ्यावा?" असे त्या विचारतात. पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्यांनी २०२३ च्या पावसाळ्यातील हळदीच्या तेजीबद्दल एक परिच्छेद लिहिला आहे.

उत्तर:

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा शेवटच्या परिच्छेदापाशी थांबलो. दिल्ली आणि पुण्याबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, ते बहुतेक इतरांचे म्हणणे आहे: मामा काय म्हणतात, वडील काय म्हणतात, मैत्रिणी काय म्हणतील. हळदीबद्दल जे लिहिले आहे, ते मात्र तुमचे स्वतःचे आहे. त्या पावसाळ्यात भाव भडकले, तेव्हा बहुतेक शेतकऱ्यांचा माल फेब्रुवारी ते मेच्या सौद्यांत केव्हाच विकला गेला होता. मग ही तेजी नेमकी कोणाच्या पदरात पडली, आणि शेतकऱ्याने माल का थोपवून धरला नाही, असे तुम्ही विचारता. अडत्याकडून घेतलेली उचल फेडायची असल्यामुळे तो थांबू शकत नाही, की साठवणुकीची सोय नसल्यामुळे, की भावाचा अंदाजच नसल्यामुळे, अशी तीन कारणेही तुम्ही मांडली आहेत. वडिलांचा व्यवसाय त्याच साखळीत असताना तुम्ही हे लिहिलेत, याचे मला विशेष वाटले. हा अर्थशास्त्राचा अस्सल प्रश्न आहे आणि दोन्ही संस्थांचा विचार त्याच्या संदर्भात करता येतो, म्हणून तो लक्षात ठेवून पुढे जाऊ.

आधी तुमचा थेट प्रश्न: खरोखर मोठी संस्था कोणती? दोन्ही मोठ्या आहेत, आणि हे उत्तर तुमच्या काही कामाचे नाही. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स १९४९ साली व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभे राहिले. अमर्त्य सेन तेथे १९६३ ते १९७१ या काळात शिकवत होते आणि मनमोहन सिंगही काही काळ तेथे प्राध्यापक होते. गोखले संस्था त्याहून जुनी, १९३० ची. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून ती स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. सहकारी साखर कारखानदारीची वैचारिक बैठक घालणारे आणि पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झालेले गाडगीळ तेच. त्यांच्यानंतर संस्थेची धुरा सांभाळणारे वि. म. दांडेकर यांचा जन्म साताऱ्याचा. नीलकंठ रथ यांच्यासोबत त्यांनी केलेला भारतातील दारिद्र्याचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला आणि दारिद्र्यरेषेची देशातील चर्चा त्यानंतर बदलली. तेव्हा पुणे म्हणजे दिल्ली न जमल्यावरची सोय, अशी जी छटा तुमच्या पत्रात अधूनमधून डोकावते, ती काढून टाका.

मात्र एक गोष्ट पाहा. सेन १९७१ साली दिल्ली सोडून लंडनला गेले आणि गाडगीळ त्याच वर्षी निवर्तले. ज्यांच्या नावावर या दोन संस्थांची कीर्ती उभी आहे, त्यांच्यापैकी कोणीही येत्या सत्रात तुमचा तास घेणार नाही. तुमच्या वडिलांच्या सौद्यात खरेदीदार पोत्यावरचा मार्का वाचून बोली लावत नाही. तो हळकुंड मोडतो आणि गाभ्याचा रंग पाहतो. इतक्या पिढ्यांची ही सवय तुमच्या घरात असताना शिक्षणाच्या बाबतीत ती सोडून देण्याचे कारण नाही.

गाभा पाहायचा म्हणजे काय करायचे? दोन्ही ठिकाणचे चालू अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि पहिल्या दोन सत्रांचे विषय शेजारीशेजारी मांडा. सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र, गणिती पद्धती, संख्याशास्त्र, अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासण्याचे शास्त्र) हे विषय दोन्हीकडे दिसतील, त्यामुळे नुसती नावे पाहून काहीच कळणार नाही. गेल्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा; फरक त्यांत दिसतो. त्यानंतर दुसऱ्या वर्षाच्या दोघा-तिघांशी बोला. त्यांना "संस्था कशी आहे?" असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमी "छान आहे" असेच येते. वर्गात किती जण बसतात, पाठनिर्देशनाचे (ट्युटोरियलचे) तास खरोखर होतात का, गेल्या सत्रात अर्थमिती कोणी शिकवली आणि ते प्राध्यापक यंदा आहेत का, किती मुले पहिल्या सत्रात अडकली, ऐच्छिक विषयांच्या यादीतले प्रत्यक्षात किती चालले, असे विचारा. पुण्याच्या बाबतीत आणखी एक चौकशी मोकळेपणाने करा. २०२४ साली तेथे कुलगुरूंच्या नियुक्तीवरून वाद झाला आणि तो न्यायालयापर्यंत गेला, हे वर्तमानपत्रांत आले होते. अशा वादांचा वर्गातल्या शिकवण्यावर परिणाम होतोच असे नाही, पण पदे भरलेली आहेत का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आता गणित. या निर्णयात माझ्या मते सर्वांत जास्त वजन याला आहे, आणि तुमच्या पत्रात त्याला दीड ओळ मिळाली आहे. बी.ए.ला तुम्ही समवृत्ती वक्र, म्हणजे सारखेच समाधान देणाऱ्या वस्तूंच्या जोड्यांची रेषा, काढलेत, त्याला स्पर्श करणारी अंदाजपत्रक रेषा काढलीत आणि स्पर्शबिंदूला ग्राहकाचा समतोल म्हटलेत. एम.ए.ला हीच गोष्ट आकृतीशिवाय करावी लागते, आणि तेथे भल्याभल्यांचे पाय लटपटतात. तेव्हा आज रात्री वही घेऊन बसा. समजा, एखाद्या ग्राहकाची उपयोगिता (वस्तूंतून मिळणारे समाधान) क्ष गुणिले य इतकी आहे, क्ष वस्तूची किंमत २ रुपये, य वस्तूची ४ रुपये आणि त्याचे उत्पन्न ८० रुपये आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत राहून लाग्रांजच्या पद्धतीने महत्तम उपयोगिता काढा. क्ष २०, य १० आणि लाग्रांजचा गुणक ५ यायला हवा. पण उत्तर येणे पुरेसे नाही. तो ५ काय सांगतो, हे स्वतःच्या शब्दांत लिहा. उत्पन्न एका रुपयाने वाढले तर उपयोगिता सुमारे ५ ने वाढेल, हे तुम्हाला न चाचपडता सांगता आले, तर तीन वर्षांची धूळ पुसली जाण्यासारखी आहे असे समजा. आंशिक विकलनच आठवत नसेल तरी खचून जाऊ नका; बारावीला तुम्ही विकलन केलेले आहे, ते तीन-चार आठवड्यांत परत येते. मात्र ते आठवडे वर्ग सुरू होण्याआधीचे हवेत. दिल्लीला मोठ्या वर्गात, देशभरातून आलेल्या आणि गणितात मुरलेल्या मुलांच्या शेजारी बसून ते पहिल्या सत्रात भरून काढणे फार जड जाते. पुण्यातही गणित सोपे होणार नाही, हे लक्षात ठेवा. जे "पुण्याला गणित कमी असतं" असे सांगतात, त्यांनी तेथील प्रश्नपत्रिका पाहिलेली नसते.

गणिताबरोबर मॅट्रिक्स, संभाव्यता आणि रिग्रेशन यांची उजळणी करा. स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी व्यासपीठांवर हे सारे विनामूल्य आहे. रोज दोन तास द्या, आणि नुसते व्हिडिओ पाहत बसू नका, उदाहरणे सोडवा.

इंग्रजीची भीती मला त्यामानाने किरकोळ वाटते. अर्थशास्त्रातले इंग्रजी मर्यादित शब्दांचे आणि ठरावीक वळणाचे असते. वाचन सुरू झाले की एका सत्रात ते अंगवळणी पडते. बोलण्याचे म्हणाल, तर वर्गातल्या प्रश्नाला अडखळत का होईना पण बरोबर उत्तर देणाऱ्या मुलीकडे कोणी तुच्छतेने पाहत नाही, निदान कोणत्याही बऱ्या प्राध्यापकाने पाहिलेले माझ्या ऐकिवात नाही.

तुमच्या ध्येयांकडे पाहू. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. तिला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, वयोमर्यादा २१ ते ३० अशी आहे, आणि लेखी परीक्षेत सामान्य इंग्रजी व सामान्य अध्ययन प्रत्येकी १०० गुणांचे, तर अर्थशास्त्राच्या चार प्रश्नपत्रिका प्रत्येकी २०० गुणांच्या असतात. त्यानंतर २०० गुणांची तोंडी परीक्षा. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक व धोरण संशोधन विभागातल्या अधिकारीपदासाठीही अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि त्यात किमान ५५ टक्के गुण ही सर्वसाधारण अट असते. यापैकी कोठेही पदवी दिल्लीची की पुण्याची, हा रकाना गुण देत नाही. एकीकडे एम.ए. आणि दुसरीकडे एम.एस्सी., यानेही काही बिघडत नाही. पण आर्थिक सेवेच्या जागा दरवर्षी मोजक्याच निघतात, म्हणून केवळ त्या एका परीक्षेच्या भरवशावर दोन वर्षांची आखणी करू नका. मामांचे म्हणणे जेथे खरे ठरते, ती जागा वेगळी आहे: सल्लागार कंपन्या आणि बँका जेव्हा थेट संस्थेत येऊन मुले निवडतात, तेव्हा नावाला भाव असतो. मामा स्वतः बँकेत असल्याने त्यांना जग त्या खिडकीतून दिसते, यात त्यांचा दोष नाही. तुम्हाला त्या वाटेने जायचे आहे का, हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेले नाही.

संशोधनाची वाट धरायची झाल्यास हिशेब पुन्हा बदलतो. परदेशात पीएच.डी.ला जायचे तर गणिती सिद्धान्ताची भक्कम तयारी आणि तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या प्राध्यापकांची शिफारसपत्रे या दोन गोष्टी लागतात. पहिलीसाठी दिल्लीची ख्याती रास्त आहे. दुसरीसाठी मोठ्या वर्गात स्वतःहून पुढे होऊन ओळख करून घ्यावी लागते, जे लाजऱ्या मुलांना जमत नाही आणि मग दोन वर्षे संपल्यावर पत्र मागायचे कोणाकडे, हा प्रश्न उरतो. तुम्ही लाजऱ्या आहात की नाही, हे पत्रावरून मला ठरवता येत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे.

आता हळदीकडे येऊ. उचल आणि विक्री एकाच माणसाशी बांधलेली असली की शेतकऱ्याचा भाव कसा ठरतो, हा प्रश्न प्रत्यक्ष पाहणीशिवाय सुटत नाही. माल गोदामात तारण ठेवून कर्ज देणारी कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना असताना सांगलीच्या परिसरातले शेतकरी तिचा वापर किती करतात आणि का करत नाहीत, हे कोणीतरी गावोगाव फिरून विचारावे लागेल. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षे साठवली जाई. २००५ च्या महापुराने त्यांची मोठी हानी केली. साठवणुकीची ती रीत मोडल्याचा विक्रीच्या वेळेवर परिणाम झाला का, हेही तपासण्यासारखे आहे. अशा कामाची परंपरा गोखले संस्थेत पहिल्यापासून आहे. तिच्या सुरुवातीच्या पाहण्यांपैकी एक आपल्या शेजारच्या वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची होती, आणि १९५४ पासून तेथे कृषी-आर्थिक संशोधन केंद्र आहे. धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात पश्चिम महाराष्ट्राच्या शेतीवरचे जुने अहवाल हाताशी मिळतील. दिल्लीच्या रतन टाटा ग्रंथालयाची श्रीमंती मी नाकारत नाही, पण सांगलीचा बाजार तेथून लांब पडतो. पुण्याला प्रबंधिकेसाठी असा विषय घेता येईल का आणि मार्गदर्शन कोण करेल, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या.

एवढे सगळे मांडल्यावर माझा कल पुण्याकडे आहे, पण वडिलांनी दिलेल्या कारणासाठी नाही. जवळ आहे म्हणून पुणे निवडलेत, तर दर शनिवारी स्वारगेटहून सांगलीची गाडी धरण्याची सवय लागेल आणि पदव्युत्तर वर्गाचे रविवार घरी जाण्यासाठी नसतात. वरचे गणित तुम्ही सहज सोडवलेत, पुढचे आणखी हवेसे वाटले, आणि हळदीपेक्षा सिद्धान्तातच तुमचा जीव रमतो असे लक्षात आले, तर मात्र दिल्लीला जा, आणि आईची झोप उडते म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

आईच्या काळजीला उत्तर आकडेवारीने किंवा वादाने मिळणार नाही. मुलगी नेमकी कोणत्या खोलीत राहील, तिच्या शेजारी कोण असेल, आजारी पडली तर कोण पाहील, हे त्यांना दिसत नाही, म्हणून त्या धास्तावतात. दिल्ली विद्यापीठाच्या वसतिगृहांत जागा अपुऱ्या पडतात आणि अनेक मुली कमला नगर, विजय नगर या भागांत भाड्याने राहतात. हे भाग विद्यापीठाच्या जवळ आहेत, पण खोली स्वतः पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. दिल्ली निवडलीत, तर पहिल्या खेपेला आईला बरोबर न्या. मिरजेहून सुटणारी किंवा मिरजेवरून जाणारी निजामुद्दीनची गाडी मिळते. खोली, मेस आणि मेट्रोचे स्थानक त्यांनी डोळ्यांनी पाहिले की निम्मी काळजी उतरते. पुण्यातही वसतिगृहाची चौकशी आधी करा. डेक्कन परिसरातले खोल्यांचे भाडे ऐकून दिल्ली स्वस्त वाटावी, असेही होऊ शकते.

खर्चाचा अंदाज बांधताना फक्त शुल्क पाहू नका. दिल्ली विद्यापीठ केंद्रीय असल्याने तेथील शुल्क तुलनेने कमी आहे आणि पुण्याची संस्था अभिमत विद्यापीठ असल्याने तेथे ते जास्त आहे. पण राहणे, जेवण, प्रवास आणि हिवाळ्याचे कपडे धरून दोन वर्षांची बेरीज करा आणि मग वडिलांसमोर बसा. अडतीचे उत्पन्न हंगामी असते, त्यामुळे सत्राचे हप्ते कोणत्या महिन्यात भरायचे, हेही त्या कागदावर लिहा. कर्जाची गरज पडली तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो.

दोन्हीकडे प्रवेश मिळत असताना अनेक मुले एकीकडचे पैसे बुडतील या भीतीने घाईने निर्णय घेतात. प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत करण्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोग परिपत्रके काढतो; यंदाच्या परिपत्रकातली तारीख आणि कपातीची रक्कम पाहून घ्या, आणि त्या मुदतीपर्यंत दोन्ही जागा धरून ठेवणे परवडते का ते ठरवा. मूळ कागदपत्रे मात्र एका ठिकाणी अडकू देऊ नका. साक्षांकित प्रती तयार ठेवा आणि स्थलांतर प्रमाणपत्रासाठी कोल्हापूरला विद्यापीठात आत्ताच अर्ज करा, कारण ऐन वेळी ते मिळायला वेळ लागतो.

हे सदर वाचणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी जाता जाता एवढेच, की अर्थशास्त्र घ्यायचे मनात असेल तर कला शाखेत गेल्यावरही गणित सोडू नका. कला शाखेत गणित घेता येते, फक्त अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत त्याची तुकडी नसते. ती कोठे आहे, हे प्रवेशाआधी शोधा. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला तर प्रवेशपरीक्षेतच गणित हा विषय द्यावा लागतो.

पश्चात्ताप होणार नाही असा निर्णय कसा घ्यावा, हे तुम्ही विचारलेत. तशी हमी मी देऊ शकत नाही, आणि मामाही देऊ शकत नाहीत. या आठवड्यात वहीतले गणित सोडवा, सोमवार ते शुक्रवारमधला एखादा दिवस पुण्याला जाऊन चालू तासाला बसण्याची परवानगी मागा, आणि दिल्लीच्या दोन विद्यार्थ्यांशी फोनवर बोला. त्यानंतरही मन दोलायमान असेल, तर गणिताच्या वहीची दोन पाने आणि दोन्हीकडच्या प्रश्नपत्रिका मला पाठवा.